आटे

अनगोळच्या खोलीत रात्री दीड.
पडद्यावर चौकोन काढायचा, चौकोनाला तार जोडायची,
तार दुसऱ्या चौकोनात सोडायची,
एवढंच असतं बघा हे काम, भरतकामासारखं,
फक्त सुईच्या टोकाला आवाज.
कंग्राळीच्या पुलाखालून मार्कंडेय भरून आणली होती,
बावीस मिनिटं, मध्ये एक म्हैस आणि एक स्कूटर.
शनिवारी नाटकात ती वाहायला हवी.

आणि घुमट नावाचा चौकोन ठेवला
की सगळं बंद.
ना शिवी, ना निरोप.
खिडकीच नाहीशी. तिथं मागचा वॉलपेपर,
माझ्या भाचीचं बिनदातांचं हसू.

सतरा वेळा.
अर्ध्या तारा काढल्या, चालवलं. पडलं.
उरलेल्यातल्या अर्ध्या काढल्या. पडलं.
शेवटी रिकाम्या पानावर एकटा घुमट,
त्याला ना नदी ना तार,
आवाजाचं बटण दाबलं
तर तो एकटाही पडला.
खरं सांगते, तेव्हा बरं वाटलं.
एकटा पडणारा सापडतो.

भरमाणा काका उद्यमबागेतून सेकंड शिफ्ट संपवून आले,
हाताला कूलंटचा वास.
"काय करूलायस अजून?"
म्हटलं, नव्या सॉफ्टवेअरला जुना तुकडा बसत नाही.
"बसत नाही म्हणजे? शिरतच नाही,
की दोन आटे जाऊन अडकतोय?"
दोन आटे जाऊन.
"मग आटे वेगळे. अर्ध्या इंचाच्या नटात
बारा एमएमचा बोल्ट घातलायस. शिरणारच की.
जोर करू नकोस, दोन्ही जातील."
आणि ताटावर बसले, शेंगदाण्याची चटणी मागत.

तुकडा लिहिलेला बैलहोंगलच्या कुणा बसलिंग तल्लूरनं,
आठ वर्षांपूर्वी, फुकट, कुणीही घ्यावा म्हणून.
उघडला. कोड कोडासारखा,
पण मधल्या टिपा कन्नडात.
माझी शाळा मराठी. कन्नड पस्तीस मार्कांपुरतं,
बाकीचं बसच्या पाट्यांवरून,
बस सुटायच्या आत एकेक अक्षर जुळवत.
तशीच जुळवली एकशे बाराव्या ओळीवरची टीप:
इल्लि एच्चर.
इथं जपून.

जपूनच गेले.
नवा यजमान प्रत्येक आकड्याला आठ घरं देतो आता,
घुमट अजून चारच मोजतोय.
पाचव्या घरात शिरून म्हणतोय, हा पुढचा आकडा.
अर्धी नदी वाचून उरलेल्या अर्धीला
दुसरीच नदी समजतोय,
आणि कुठल्यातरी आकड्याचं शेपूट
पत्ता म्हणून हातात धरून
ठोठावतोय असं दार
जिथं कुणीच राहत नाही.
आठ वर्षांपूर्वी त्याचं मोजणं बरोबर होतं.

चाराच्या जागी आठ. ओळी तीन.
बांधून व्हायला सहा मिनिटं, तेवढ्यात चहा उतू गेला.
मार्कंडेय वाहिली, म्हशीसकट.
दर चाळीस सेकंदांनी एक टक येतो अजून,
कुठून, कळलेलं नाही.
काका झोपेतच म्हणाले, नदीचा नळ बंद कर.

तीन ओळी तल्लूरला पाठवल्या, वर टीप,
त्याच्याच भाषेत, धाडस करून:
इल्लि एंटु, नाल्कु अल्ल.
इथं आठ, चार नव्हे.

सकाळी उत्तर. ओळी जशाच्या तशा घेतलेल्या.
बदल एकच, टिपेत:
एंटुमधला अनुस्वार माझ्याकडून राहिला होता.
आपल्याकडे तो टिंब, डोक्यावर.
तिकडे अक्षराच्या शेजारी गोल, चांगला ठसठशीत,
नावही सोन्ने, म्हणजे शून्य.
मी वर बघत राहिले असणार.

त्यानं लिहिलं होतं, कोड ठीक आहे.
एक शून्य राहिलं होतं,
बसवलं.